आक्कांची वही आणि आमच्या घरातला फॉन्टचा वाद



घरातले वाद कशावरून होतात हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. शेताच्या बांधावरून होतात, लग्नाच्या यादीवरून होतात, पाहुण्यांना काय करायचं यावरूनही होतात. आमच्या घरात यंदा सगळ्यात लांबलेला वाद मात्र फॉन्टवरून झाला. फॉन्ट म्हणजे संगणकातल्या अक्षरांचा साचा. तेवढ्यावरून तीन पिढ्या तीन आठवडे भांडत होत्या. आमची जेवणं दिवस मावळायच्या आत होतात, त्यामुळे संध्याकाळी वाद घालायला भरपूर वेळ मिळतो.

वाद ऐकताना मला जे कळलं ते तुम्हालाही उपयोगी पडेल असं वाटलं, म्हणून लिहिते आहे. अनेक घरांत असा एखादा जुना संगणक कोपऱ्यात चादर पांघरून बसलेला असतो आणि त्यात काय आहे ते फक्त घरातल्या एका म्हाताऱ्या माणसाला माहीत असतं.

माझ्या सासूबाईंना आम्ही सगळे आक्का म्हणतो. वय ८१. शाळा चौथीपर्यंत. पण पाळणे, आरत्या, व्रतांच्या कथा, कोणत्या व्रताला काय चालतं आणि काय नाही, वाळवणाची प्रमाणं, बाळंतिणीचा आहार हे सगळं त्यांना तोंडपाठ. सासरे म्हणजे अण्णा शाळामास्तर होते. २००१ साली ते निवृत्त झाले आणि मिळालेल्या पैशातून त्यांनी घरात संगणक आणला. दुपारी आक्का शेंगा फोडत सांगायच्या आणि अण्णा टाइप करायचे. असं चार वर्षं चाललं. त्यातून २१४ पानं तयार झाली. आम्ही त्याला ‘आक्कांची वही’ म्हणतो.

मूळची हाताने लिहिलेली वहीसुद्धा होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा खालच्या खोलीतली ट्रंक पाण्यात गेली, तिच्यात ती वही होती. संगणक माडीवर होता म्हणून वाचला. म्हणजे आज आक्कांची वही फक्त त्या एका डब्यात आहे.

हा डबा यंदा टकटक असा आवाज करायला लागला. दुरुस्तीवाल्या मुलाने कान लावून ऐकलं आणि म्हणाला, “काकू, हार्डडिस्क थकली आहे. किती दिवस चालेल सांगता येत नाही. काय असेल ते काढून घ्या.” पुण्याहून मुलगा आला, त्याने पेनड्राइव्हवर फाइल घेतली, आपल्या लॅपटॉपवर उघडली. मराठीचा एक शब्द नाही! सगळी इंग्रजी अक्षरं, मध्येच कंस, मध्येच टोपी घातलेली फ्रेंचसारखी अक्षरं. आक्का शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “हे मी सांगितलेलं नव्हे बाई.”

इथून वादाला सुरुवात झाली.

अण्णांचं म्हणणं, फाइल ठणठणीत आहे. “तुमच्या नव्या यंत्राला वाचता येत नाही, त्यात माझ्या फाइलीचा काय दोष?” मुलाचं म्हणणं, सगळं युनिकोडमध्ये आणायचं आणि डबा भंगारात द्यायचा. ह्यांचं म्हणणं, जुन्या संगणकावरूनच छपाई करून घ्या, चांगली बांधणी करा, दोनशे वर्षं कागद टिकतो. भाची म्हणाली, सगळं इंटरनेटवर टाकून द्या, कायमचं सुरक्षित होईल आणि जगभरातल्या मुलींना वाचता येईल. वन्सं बेळगावहून फोनवर म्हणाल्या, कुणी काहीही करा, पण आधी दुसरी प्रत करा.

अनेकांत आपण पाठशाळेत शिकतो. तो घरात पाळायचा झाला की कसोटी लागते. कारण एकेकाचं नीट ऐकलं तर प्रत्येकाचं काही ना काही बरोबर होतं.

अण्णांचं बरोबर कसं ते आधी सांगते. जुन्या काळी संगणकाला फक्त इंग्रजी अक्षरं ठाऊक होती. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक, आणि त्या क्रमांकाच्या घरात त्या अक्षराचं चित्र. आपल्या लोकांनी युक्ती केली. क्रमांक इंग्रजीचाच ठेवला आणि घरातलं चित्र बदलून मराठी बसवलं. संगणकाला वाटतं इंग्रजी चाललंय, आपल्याला दिसते मराठी. पण देवनागरीत जोडाक्षरं, मात्रा, वेलांट्या एवढ्या की पूर्ण अक्षरांना घरं पुरत नाहीत. म्हणून अक्षरांचे तुकडे केले. हिंदीत खूप वापरल्या गेलेल्या कृती देव या फॉन्टचं उदाहरण मुलाने दाखवलं. त्यात ‘भारत’ हा शब्द लिहिला आणि तो फॉन्ट काढून घेतला तर पडद्यावर एच, के, के, जे, आर अशी पाच इंग्रजी अक्षरं उरतात. एच म्हणजे अर्धा भ, पहिला के म्हणजे त्याचा दांडा, दुसरा के म्हणजे काना, मग र आणि त. गोधडीसारखं तुकडे जोडून अक्षर केलेलं.

असे फॉन्ट अनेकांनी केले आणि प्रत्येकाने कोणत्या घरात कोणता तुकडा ठेवायचा हे आपापलं ठरवलं. शिवाजी, श्रीलिपी, आकृती, कृती देव ही नावं तुम्ही छापखान्यात किंवा टायपिंगच्या क्लासात ऐकली असतील. लग्नपत्रिका, दिनदर्शिका, पुस्तकं, वर्तमानपत्रं वर्षानुवर्षं अशाच फॉन्टांत निघाली. त्या काळात ती मोठी सोय होती. अण्णांनी २००१ मध्ये जे केलं ते त्यावेळी सगळेच करत होते. म्हणूनच त्यांची फाइल बिघडलेली नाही. तिला वाचायला तोच फॉन्ट लागतो, एवढंच.

आता मुलाचं म्हणणं. युनिकोडमध्ये हा लपंडाव नाही. जगातल्या बहुतेक लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा, कायमचा क्रमांक. ‘क’ चा २३२५, ‘म’ चा २३५०, आपल्या लाडक्या ‘ळ’ चा २३५५. फॉन्ट कोणताही लावा, साचा बदलेल पण क बदलून दुसरं काही होणार नाही. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. त्याच वर्षी आपल्याकडेही भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचं मानक आलं. युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या आवृत्तीवरून घेतलेली आहे. या सगळ्यात आपल्या मातीतल्या माणसांचा हात आहे हे मला ठाऊक नव्हतं. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. विंडोज २००० बरोबर आलेला मंगल हा फॉन्ट आपले सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला.

“मग अण्णांनी २००१ मध्ये युनिकोड का वापरलं नाही?” असं भाचीने विचारलं. कारण साधं आहे. त्यावेळी घरोघरी असायच्या त्या विंडोज ९८ मध्ये देवनागरी युनिकोडची सोयच नव्हती. पुढे एक्सपीत आली, तीही सेटिंगमध्ये जाऊन मुद्दाम चालू करावी लागायची. आणि तेव्हा युनिकोडलाही सगळी मराठी येत नव्हती. ‘ॲ’ हे अक्षर त्यात स्वतंत्रपणे आलं ते २००८ साली. एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरं मावायची आणि देवनागरीची फक्त ७०, म्हणून आपण सगळ्याजणी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला लागलो, आठवतंय ना? तेव्हाच्या माणसांना आजच्या पट्टीने मोजायला नको. अण्णांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा जरा हसू आलं.

मग वादाला दुसरा फाटा फुटला, कीबोर्डचा. अण्णांचा हात टाइपरायटरवरचा. त्यांना पहिली वेलांटी आधी आणि अक्षर नंतर अशी सवय, कारण कागदावर ती डावीकडे दिसते. मुलगा फोनवर इंग्रजी अक्षरं टाकून मराठी उमटवतो. वन्संनी इनस्क्रिप्ट शिकून घेतलं आहे, त्या दोघांनाही हसतात. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. ‘नमो’ लिहायला तीन कळा, व्ही, सी, ए. आणि गंमत म्हणजे भारतातल्या बहुतेक लिप्यांना मांडणी तीच. वन्सं मराठीचा क ज्या कळेने काढतात त्याच कळेने कन्नडचा क काढतात. बेळगावात राहणाऱ्या माणसाला याचं किती सुख ते विचारू नका. कोणाची पद्धत चांगली यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी आक्का म्हणाल्या, “भाकरी थापून करा नाहीतर लाटून करा, टम्म फुगली म्हणजे झालं.” तो फाटा तिथे संपला.

खरी अडचण पुढे आली. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणणारी साधनं मिळतात. मुलाने एका साधनातून पहिली दहा पानं काढली. वाचायला घेतली तर ‘धर्म’ चं ‘धमर्’ झालेलं. जुन्या फॉन्टमध्ये रफार अक्षरानंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये तो आधी लागतो. साधनाने तो उचलून पुढे नेला नाही. ‘निर्जळी’ चं ‘िनजर्ळी’ झालेलं, कारण तिथे वेलांटी आणि रफार दोन्ही आपापल्या जुन्या जागी बसून राहिले. ‘कैऱ्या’ आणि ‘भाकऱ्या’ यांतला आपला मराठी अर्धा र गेला आणि ‘कैर्या’, ‘भाकर्या’ झालं. एका पापडाच्या कृतीत पाव या अपूर्णांकाचं चिन्हच गायब, त्यामुळे पापडखार पाव चमचा की एक चमचा ते कळेना. मैत्रिणींनो, पापडखार चारपट पडला तर काय होईल!

मुलगा म्हणाला, हे काम कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारं साधन चुटकीसरशी करेल. त्याने तीच पानं एका साधनाला दिली आणि शुद्ध करून मागितली. पानं आली ती दिसायला अगदी सुरेख. रफार जागेवर, वेलांट्या जागेवर. ह्यांनी लगेच मान्यता दिली. मी वाचायला बसले. ‘हुलग्याचं माडगं’ च्या जागी ‘हुलग्याचं मडकं’ लिहिलेलं. ‘कोरड्यास’ च्या जागी ‘कोरडे’. आक्कांचं ‘येत्यात’, ‘जात्यात’ सगळं ‘येतात’, ‘जातात’ झालेलं. एका पाळण्यातली एक ओळ तर यमक जुळवून नवीनच केलेली. कुठे बदल केला याची काही खूण नाही. आधीच्या साधनाच्या चुका निदान डोळ्यांत खुपत होत्या. ‘धमर्’ दिसलं की कुणीही थांबतं. ‘मडकं’ वाचून कोण थांबणार? आज मी थांबेन, कारण मी माडगं प्यायले आहे. माझी नात थांबणार नाही.

मुलाने हे वाचून पाहिलं आणि साधनाची बाजू सोडली नाही, पण एक अट मात्र स्वतःहून घातली. साधन वापरायचं ते चूक कुठे असू शकेल ते दाखवायला. दुरुस्ती माणसाने करायची. मला हे पटलं. घरात कामाला मदतनीस असते म्हणून आपण मिठाचा अंदाज तिच्यावर सोडतो का?

मग आम्ही रोज संध्याकाळी पाच-सहा पानं वाचायची असं ठरवलं. जुन्या संगणकावरून आधीच छापून घेतलेलं पान अण्णांच्या हातात, नवीन पान लॅपटॉपवर माझ्यासमोर. मी मोठ्याने वाचायचं, अण्णांनी ओळीवर बोट ठेवायचं, आक्कांनी ऐकायचं. आक्का अलीकडे सकाळचं संध्याकाळी विसरतात. पण वाचता वाचता एखादा शब्द चुकला की त्यांचा हात वर होतो. दोन पाळण्यांत तर त्यांनी अशी कडवी सांगितली जी अण्णांच्या फाइलीतही नव्हती. अण्णा म्हणाले, “हे तू तेव्हा सांगितलंच नव्हतंस.” आक्का म्हणाल्या, “तेव्हा शेंगा संपल्या असतील.”

एकशे सदतिसाव्या पानावर मी थांबले. पाळण्याच्या खाली अण्णांनी दोन ओळी टाइप केल्या होत्या. हा पाळणा थोरलीसाठी म्हणत असे, ती अकरा महिन्यांची होऊन गेली, असं लिहिलं होतं. आणि तारीख.

आमच्या घरात हेच थोरले असं मी लग्न होऊन आल्यापासून ऐकत होते. ह्यांनाही ठाऊक नव्हतं, वन्संनाही नव्हतं. खोलीत कुणी काही बोललं नाही. अण्णांचं बोट त्या ओळीवरच होतं. आक्का म्हणाल्या, “वाच पुढचं.” मी वाचलं.

दुसऱ्या दिवशी भाची आली तेव्हा इंटरनेटचा विषय निघाला. सगळं टाकायचं हे तिचं म्हणणं कायम होतं. त्या पानाबद्दल कळल्यावर ती गप्प झाली, पण मग म्हणाली, “आजी, झाकून ठेवलेलं एक दिवस हरवतं. वहीचं काय झालं ते बघितलं ना?” तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

अण्णांनी तेव्हा मूडबिद्रीची गोष्ट काढली. आपल्यातल्या बऱ्याच जणींना श्रुतपंचमी माहीत आहे, षट्खंडागम लिहून पूर्ण झाल्याचा दिवस. त्या षट्खंडागमावरची धवला टीका शेकडो वर्षं मूडबिद्रीच्या भांडारात ताडपत्रांवर होती. भाषा प्राकृत-संस्कृत, पण लिपी जुनी कन्नड. लोक लांबून जायचे, दर्शन घ्यायचे आणि परत यायचे. वाचणारे फारच थोडे. ग्रंथ होता, अक्षर न् अक्षर जागेवर होतं, पण वाचता येत नव्हतं. अण्णा म्हणाले, “माझ्या फाइलीसारखं.” एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सोलापूरचे हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे माणिकचंद यांच्या खटपटीने ताडपत्रांची नक्कल सुरू झाली. नक्कल करणाऱ्या गजपती उपाध्यायांनी भांडारासाठी करायच्या प्रतीबरोबर गुपचूप आणखी एक कन्नड प्रत केली. त्यात त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा मोठा हात होता. ग्रंथ लोकांच्या अभ्यासात यावा ही त्यांची तळमळ होती. त्या प्रतीवरून पुढे नागरी प्रती झाल्या आणि १९३९ साली अमरावतीहून डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली धवलाचा पहिला भाग छापून निघाला. पुढे एकूण सोळा भाग झाले.

भाचीला वाटलं अण्णा तिच्या बाजूने बोलले. ह्यांना वाटलं त्यांच्या, कारण शेवटी छापलंच ना! मी मात्र लक्ष्मीबाईंचा विचार करत राहिले. भांडाराची परवानगी नव्हती. भांडारवाल्यांनाही ग्रंथाची काळजीच होती, चुकीच्या हाती जाऊ नये म्हणून ते जपत होते. दोघांनाही ग्रंथ प्रिय. आज आपण धवला वाचू शकतो ते त्या प्रतीमुळे, हेही खरं. पण तो ग्रंथ सगळ्या समाजाचा होता. आक्कांचं एकशे सदतिसावं पान समाजाचं नाही. आणि मूडबिद्रीच्या आचार्यांना विचारायला कुणी जाऊ शकत नव्हतं, आमच्या आक्का तर शेजारी बसल्या आहेत. एवढ्या तीन आठवड्यांत सगळ्यांनी आपापली मतं सांगितली होती. ज्यांची वही त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मी विचारलं. “आक्का, तुमचं काय म्हणणं?”

आक्का बराच वेळ गप्प होत्या. मला वाटलं विसरल्या. मग म्हणाल्या, “पाळणे सगळ्यांना द्या. पाळणा वहीत ठेवून काय करायचा, त्याला बाळ लागतंय. खाण्याचं पण द्या. खालच्या दोन ओळी घरात राहू द्यात. पण पुसू नका.”

वाद तिथे संपला. आता काय काय केलं ते क्रमाने सांगते, तुमच्या घरी असं काही असेल तर उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी मूळ फाइल जशीच्या तशी दोन ठिकाणी उतरवली आणि तिला पुन्हा हात लावला नाही. काम करायचं ते प्रतीवर. दुसरं, जुन्या संगणकातला तो फॉन्टसुद्धा फाइलीबरोबर ठेवला. बऱ्याच जणी फाइल घेतात आणि फॉन्ट विसरतात, मग कुलूप आपल्याकडे आणि किल्ली भंगारात. तिसरं, जुन्या संगणकावरूनच पूर्ण वहीची पीडीएफ करून घेतली, फॉन्ट तिच्यातच बसवलेला. ही पीडीएफ कुठेही उघडली तरी अण्णांनी केलं तसंच पान दिसतं. मात्र तिच्यात ‘माडगं’ असं शोधलं तर सापडत नाही, कारण आत अजून इंग्रजीच आहे. म्हणून चौथं काम युनिकोडचं, रोज पाच-सहा पानं, ऐकून आणि ताडून. ते चालू आहे, परवा एकशे नव्वदावं पान झालं.

जागेची काळजी कुणी करू नका. युनिकोडमध्ये साधारणपणे देवनागरीचं एक अक्षर तीन बाइट खातं, जुन्या फॉन्टच्या तुकड्याला एकच लागायचा. तरी सगळी २१४ पानं साध्या मजकुराच्या फाइलीत एका एमबीच्या आत बसतात. आपल्या मोबाइलवर सकाळी शुभेच्छांची जी चित्रं येतात त्यांतल्या पाच-सहांची जागा फार तर.

प्रती किती ठेवायच्या यावर मुलाने एक नियम सांगितला. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. वन्सं म्हणाल्या, अपरिग्रहाचं काय? हसलो सगळे. पण घराबाहेरची प्रत ही पूर पाहिलेल्या घराला समजावून सांगावी लागत नाही. एक प्रत आता बेळगावात आहे. ह्यांच्या म्हणण्याप्रमाणे छापील बांधीव वहीसुद्धा होणार आहे, चार प्रती, आणि त्यात एकशे सदतिसावं पान पूर्ण असेल. भाची पाळणे आणि कृती इंटरनेटवर टाकणार आहे, युनिकोडमध्ये, म्हणजे कुणी ‘बारशाचा पाळणा’ असं शोधलं तर सापडेल. त्या प्रतीत एकशे सदतिसाव्या पानावर फक्त पाळणा आहे.

आणि तो जुना डबा? मुलाला तो अजूनही द्यायचा आहे. अण्णा म्हणतात, शेवटचं पान ताडून होईपर्यंत हलवायचा नाही. मीही अण्णांच्या बाजूने आहे. त्यानंतर तो भंगारवाल्याच्या गाडीत न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे जाईल, आतली डिस्क काढून.

तुमच्या घरी सासऱ्यांनी किंवा वडिलांनी टाइप केलेलं काही असेल, संस्थेची घटना, वंशावळ, एखादं प्रवासवर्णन, तर या आठवड्यात तो संगणक एकदा चालू करून बघा. फाइल आणि फॉन्ट दोन्ही काढून घ्या. टाइप करणारं माणूस असेल तर त्याला शेजारी बसवा, आणि सांगणारं माणूस असेल तर तिला आधी बसवा.

आक्कांनी माडग्याची कृती द्यायला परवानगी दिली आहे. हुलगे किती भाजायचे यावर अण्णा आणि आक्का यांचं एकमत झालं की पुढच्या लेखात देते.

जय जिनेंद्र.